ग्रीक पाताळाचा एकच नकाशा काढता येतो का?

औदुंबर (चर्चाप्रवर्तक)

ग्रीक पुराणकथांची ओळख करून देणाऱ्या पुस्तकांत पाताळाचा एक नकाशा अनेकदा दिलेला असतो. त्यात स्टिक्स, ॲकेरॉन, कोकायटस, पिरिफ्लेगेथॉन आणि लीथी या पाच नद्या, कॅरॉन हा नावाडी, एका कडेला पुण्यवंतांचे एलिझियम आणि तळाशी टार्टारसचे विवर दाखवतात. माझे ठाम मत असे आहे की हा नकाशा निरनिराळ्या शतकांतल्या कवींच्या कल्पना एकत्र जोडून बनवलेला असून मूळ काव्ये समजून घेण्यात तो अडथळाच ठरतो.

होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात सर्सी ही जादूगारीण नायक ओडिसियसला मृतांच्या प्रदेशाची वाट सांगते. तिथे ॲकेरॉनला पिरिफ्लेगेथॉन आणि स्टिक्सचा फाटा असलेली कोकायटस येऊन मिळतात. लीथीचा उल्लेख नाही, कॅरॉनचाही नाही. शिवाय ही वाट जमिनीखाली उतरत नाही, तर जहाजाने ओशनस हा पृथ्वीला वेढणारा जलप्रवाह ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर जाते. त्याच काव्याच्या चौथ्या सर्गातले एलिझियम पृथ्वीच्या टोकाला आहे आणि स्पार्टाचा राजा मेनेलाउस तिथे मरण न येताच जाणार आहे. म्हणजे ते मृतांच्या राज्याचा भागच नाही.

हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीची स्टिक्स तर मृतांची वाट अडवणारी नदी म्हणून येतच नाही. ती ओशनसची थोरली कन्या आहे, त्याच्या पाण्याचा दहावा हिस्सा तिच्याकडे आहे, आणि देवांना शपथ घ्यायची असली की देवांची दूती आयरिस सोन्याच्या कलशातून ते पाणी आणते. खोटी शपथ घेणारा देव वर्षभर श्वासाविना, वाचेविना पडून राहतो आणि पुढची नऊ वर्षे देवांच्या सभेतून व भोजनातून बहिष्कृत होतो. देवांनाही ज्याच्यापुढे खोटे बोलता येत नाही असे हे पाणी नकाशात केवळ एक निळी रेघ होऊन बसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिलालेख

आपण काव्यांकडे पाहता, पण भूमीकडे पाहत नाही. ॲकेरॉन आजही ग्रीसच्या वायव्येकडील एपिरसमध्ये वाहते आणि आयोनियन समुद्राला मिळते. तिथल्या ॲकेरुसिया सरोवराची नोंद प्राचीन इतिहासकार थ्युसिडिडीसने केली आहे. कॉरिंथचा सत्ताधीश पेरिअँडर याने मृत पत्नी मेलिसाला प्रश्न विचारण्यासाठी याच नदीकाठच्या मृतांच्या प्रश्नस्थानी दूत पाठवले होते, असे इतिहासकार हेरोडोटस सांगतो. इ.स.च्या दुसऱ्या शतकातल्या पौसानियास या प्रवासवर्णनकाराने तर स्पष्ट म्हटले आहे की होमरने हा प्रदेश पाहिला असावा आणि तिथल्याच नद्यांची नावे त्याने पाताळाला दिली असावीत. ज्या भूगोलाला पायाखालच्या जमिनीचा आधार आहे, त्याला कवींच्या कल्पनांची जोडाजोड म्हणणे अन्यायाचे आहे.

औदुंबर

हा पुरावा माझ्याच बाजूने जातो. ॲकेरॉन एपिरसमध्ये आहे, पण स्टिक्स म्हणून दाखवला जाणारा धबधबा दूर दक्षिणेला, पेलोपोनीस द्वीपकल्पातल्या प्राचीन आर्केडियात, नोनाक्रिस या प्राचीन गावाजवळ आहे. स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस याला आर्केडियातल्या पुढाऱ्यांकडून शपथ घ्यायची होती ती या पाण्याची. या दोन जलप्रवाहांचा खऱ्या भूमीवर कुठेही संगम होत नाही. तो घडवला कवीने. एपिरसमधल्या मेसोपोटामोस येथे पुरातत्त्वज्ञ सोतिरिओस डाकारिस यांनी १९५८ पासून उत्खनन करून तिथले अवशेष मृतांच्या प्रश्नस्थानाचे असल्याचे मानले होते. पुढे तिथल्या धातूच्या वस्तू दगडफेकी यंत्रांचे भाग असल्याचे दाखवण्यात आले आणि ती वास्तू तटबंदीचे शेतघर असावी असे मत पुढे आले. काव्यातला नकाशा हातात धरून जमीन वाचू लागले की असे होते.

पिंपळपान

मला आपल्या दोघांशीही असहमती नोंदवायची आहे, कारण या चर्चेत मरणाऱ्या माणसाला स्थानच मिळालेले नाही. दक्षिण इटलीतल्या हिपोनिऑन येथे एका स्त्रीच्या थडग्यात सोन्याचा पातळ पत्रा सापडला. तो इ.स.पू. ४०० च्या सुमाराचा आहे. त्यावर मृताला वाट सांगितली आहे: उजवीकडे पांढऱ्या सायप्रस वृक्षाजवळ झरा दिसेल, त्याच्या जवळही जाऊ नकोस, पुढे स्मृतीच्या सरोवरातले गार पाणी वाहताना दिसेल, तिथल्या रक्षकांना ‘मी पृथ्वीचे आणि तारांकित आकाशाचे अपत्य आहे’ असे सांग आणि पाणी माग. ज्यांनी आपल्या माणसासोबत हा पत्रा पुरला, त्यांना पाताळातली वाट नेमकी हवी होती. वाट चुकली तर सारे गेले, अशी त्यांची श्रद्धा होती.

औदुंबर

पण पेटेलिया येथे सापडलेल्या अशाच पत्र्यावर तो झरा डावीकडे आहे! एकाच श्रद्धेची माणसे, एकाच दक्षिण इटलीत, आणि तरीही दिशा उलट. शिवाय या दोन्ही पत्र्यांवर स्टिक्स, ॲकेरॉन किंवा कॅरॉन यांचे नावही नाही.

सप्तपर्णी

तपशिलांत फरक असला म्हणून सामायिक चित्र नव्हतेच, असे ठरत नाही. इ.स.च्या दुसऱ्या शतकातल्या ल्युशियन या उपहासकाराने शोकविधींवरच्या आपल्या लेखात सामान्य लोकांची समजूत मांडली आहे. कोकायटस, पिरिफ्लेगेथॉन, ओलांडायचे ॲकेरुसिया सरोवर, पलीकडचे अस्फोडेल फुलांचे कुरण, विस्मृती आणणारे लीथीचे पाणी, सज्जनांचे एलिझियम आणि नावाड्यासाठी मृताच्या तोंडात ठेवलेले नाणे हे सारे त्यात एकत्र येते. तो या समजुतीची खिल्ली उडवतो, आणि खिल्ली उडवण्यासाठी ती वाचकांना आधीच ठाऊक असावी लागते. म्हणून हे चित्र आधुनिक प्रकाशकांच्या माथी मारता येणार नाही. ते ग्रीक भाषेतच, ग्रीक लोकांतच तयार झाले.

औदुंबर

ल्युशियनचा मुद्दा वजनदार आहे आणि त्याच्या काळापुरता मी तो मान्य करतो. पण त्याच्यात आणि होमरमध्ये आठशे वर्षांच्या आसपास अंतर आहे. ‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गात युद्धात मारल्या गेलेल्या पॅट्रोक्लसचा आत्मा आपला मित्र अकिलीस याला विनवतो की मला लवकर अग्नी दे, कारण इतर छाया मला नदीपलीकडे आपल्यात मिसळू देत नाहीत. होमरने तिथे नदीचे नाव सांगितलेले नाही. त्याला अडवणारा नावाडी नाही, नाण्याचा प्रश्न नाही. अडवतात ते आधी मेलेले लोक, आणि कारण एकच, की त्याचे अंत्यसंस्कार राहिले आहेत. नकाशा पाहून आलेला वाचक या ओळीत कॅरॉनला आणून बसवतो आणि पॅट्रोक्लसची नेमकी व्यथा त्याच्या हातून निसटते. नकाशा छापायचाच असेल, तर तो ल्युशियनच्या काळाचा म्हणून छापावा आणि होमरच्या काव्यांना जोडू नये.