पन्नाशी उलटूनही ‘विश यू वर हिअर’ जुना का वाटत नाही?

प्रश्न
पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘विश यू वर हिअर’ हा अल्बम सप्टेंबर १९७५मध्ये आला. माझी एकोणीस वर्षांची मुलगी एरवी अर्धे गाणे संपायच्या आत पुढच्यावर उडी मारते. तीच परवा दिवा मालवून हा सुमारे चव्वेचाळीस मिनिटांचा अल्बम सलग ऐकत बसलेली दिसली. पहिल्याच ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये गायकाचा आवाज यायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. आमच्या पिढीला तो आठवणींमुळे आवडतो असे म्हणता येईल, पण तिच्याकडे त्या आठवणी नाहीत. मग हे आकर्षण नेमके कशाचे?

प्रतिसाद १
माझ्या मते उत्तर त्या आठ मिनिटांतच आहे. सुरुवातीचा काचेसारखा थरथरता नाद खरोखरच काचेचा आहे. वाद्ये बाजूला ठेवून घरगुती वस्तूंवर अख्खा अल्बम करण्याचा बेत या मंडळींनी आधी आखला होता. तो बारगळला, पण पेल्यांच्या कडांवरून ओले बोट फिरवून काढलेले ते सूर इथे कामी आले. त्यावर बँडमधल्या रिक राइटचा सिंथेसायझर आणि डेव्हिड गिल्मोरची गिटार सावकाश पसरत जातात, आणि मग सारे शांत होऊन गिटारचे चार सुटे स्वर येतात. त्यांतला चौथा कुठे टेकतच नाही. हाक मारावी आणि ओ मिळू नये, तसा तो अधांतरी राहतो. हाक आहे ती बँडचा सुरुवातीचा म्होरक्या सिड बॅरेट याला, ज्याला मानसिक प्रकृती ढासळल्यामुळे १९६८मध्ये बँडपासून दूर व्हावे लागले. जून १९७५मध्ये हा अल्बम मुद्रित होत असताना तो अचानक लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत आला, तेव्हा डोके आणि भुवया भादरलेल्या, अंगाने सुटलेल्या त्या माणसाला त्याच्या जुन्या मित्रांनीच आधी ओळखले नाही.

प्रतिसाद २
बॅरेटची कथा इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्याखाली संगीत दबते. त्या संथ, लांब सुरुवातीची आलापाशी होणारी तुलनाही मला अर्धीच पटते, कारण चांगला गवई आलापात राग जागच्या जागी उलगडतो, तर ही रचना १९७४च्या कार्यक्रमांत वाजवून वाजवून घोटलेली होती. शीर्षकगीताचा आरंभ मात्र हेडफोन लावून ऐकावा. रेडिओचे बटण फिरते, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा निसटून जातो, आणि ट्रान्झिस्टरमधून यावी तशी बारीक, चिरकी गिटार सुरू होते. थोड्या वेळाने कुणीतरी खोकते, आणि दुसरी, भरदार गिटार अगदी शेजारी बसून तिला साथ देऊ लागते. एक माणूस दूर, एक खोलीत. शब्द न समजणाऱ्यालाही एवढे कळते.

प्रतिसाद ३
वरच्या दोघांनी अल्बमच्या मधला संताप वगळला. ‘वेलकम टू द मशीन’ आणि ‘हॅव अ सिगार’ ही संगीताच्या धंद्यावर काढलेली भडास आहे. पैकी पहिले मला आज यंत्रांच्या आवाजात अडकलेले वाटते. दुसरे अजून झोंबते, आणि गंमत म्हणजे ते बँडमधल्या कुणी गायलेलेच नाही. इंग्लिश गायक रॉय हार्पर ॲबी रोडच्याच इमारतीत स्वतःचे ध्वनिमुद्रण करत होता, त्याला बोलावून घेतले. मुखपृष्ठावर हस्तांदोलन करणाऱ्या दोघांपैकी एकाला आग लागली आहे, तीही खरीच. अग्निरोधक पोशाखावर सूट चढवून एका स्टंटमनने ते छायाचित्र दिले. एवढा खटाटोप करून तबकडी विकली ती काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, म्हणजे दुकानात ते चित्र दिसूच नये! ‘तू इथे असतास तर’ म्हणणाऱ्या अल्बमला हे शोभून दिसते.

प्रश्नकर्ता
तिघांचेही आभार. लेकीला हे सारे वाचून दाखवले. तो खोकला तिने पहिल्याच खेपेला टिपला होता म्हणे. बॅरेट कोण, हे मात्र तिला आज कळले.