जुलैतलं बाळंतपण आणि वाडीतलं घर : शेगडी, दूध, गाडीची सोय (एक प्रश्न आणि त्याला आलेली उत्तरं; प्रत्येक मजकुरावर लिहिणारीचं टोपणनाव)

सड्यावरची
राजापूर तालुक्यात माहेर. मुख्य रस्त्यापासून वाडी दीड किलोमीटर आत, मध्ये साकव (ओढ्यावरचा लहान पूल). पहिलंच बाळंतपण, तारीख 18 जुलै. आजीचं म्हणणं, खोली बंद ठेवायची, बाजेखाली शेगडी, रोज धुरी, आणि दूध उतरायला मोरी माशाचं मटण. आशाताई (गावच्या आरोग्य कार्यकर्त्या) म्हणतात शेगडी नकोच. मग पावसात बाळाला ऊब कशी द्यायची? दूध पुरतंय हे कशावरून कळतं? आणि रात्री कळा सुरू झाल्या तर काय करायचं?

प्रसूतीकक्ष
आधी गाडीचं बघ, बाकी सगळं नंतर. 18 तारीख हा अंदाज आहे. 37 आठवडे 27 जूनला भरतात, तिथपासून बाळंतपण कधीही होऊ शकतं. कळा पाच मिनिटांवर आल्या की निघा, हा सल्ला शहरातल्यांसाठी. तुमच्याकडे साकवावर पाणी चढलं की गाडी पलीकडेच थांबणार, आणि अर्जुना-कोदवली नद्या भरल्या की राजापुरात जवाहर चौकातही पाणी येतं. म्हणून कळा दहा मिनिटांवर नियमित यायला लागल्या की निघायचं. त्याहून चांगलं म्हणजे जुलै लागला की रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे जाऊन राहा. यात घरच्यांना संकोच वाटता कामा नये.

सरकारी दवाखान्यात न्यायला-आणायला 102 ची गाडी मोफत असते, तातडीला 108. दोन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. गाडी साकवाच्या कुठल्या बाजूला थांबेल ते आशाताईंशी आताच ठरवा. रात्री सिझेरियन कुठे होतं आणि रक्त कुठे मिळतं, हेही आत्ताच विचारून ठेवा. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा रिपोर्ट, सोनोग्राफी, आधार आणि पासबुक हे सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दाराजवळ टांगा.

अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट बघू नका. पाऊस थांबायचीही नाही.

माजघर
शेगडीबाबत आशाताईंचंच ऐक. कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. पावसात दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत तो साठत जातो. बाळंतिणीचं डोकं जड होतं, झोप येते, घरच्यांना वाटतं थकलीय म्हणून झोपली. बाळ तर काही सांगूच शकत नाही. धुरीत ओवा असो की बाळंतशेपा, बाळाच्या छातीत धूरच जातो.

ऊब द्यायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे आईची छाती. बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे घालायचे, उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून दोघांवर चादर घ्यायची. डोकं एका बाजूला, नाक मोकळं, आणि आई जागी हवी. डोळा लागायला लागला की बाळ दुसऱ्याच्या हाती द्यायचं. एरवी आपल्याला लागतो त्यापेक्षा कपड्याचा एक थर जास्त पुरतो. वाऱ्याचा झोत अंगावर येणार नाही अशी एक खिडकी उघडी ठेवा. आजीला शेक द्यायचाच असेल तर तुझ्या कमरेला, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने. टाक्यांवर नको आणि बाळाजवळही नको.

नाळेला काही लावायचं नाही, हळद नको की तेल नको. ती कोरडी ठेवायची, लंगोट नाळेखाली दुमडायचा. ती गळून पडेपर्यंत बाळाला ओल्या फडक्याने पुसून घेतलं तरी पुरे.

दूधभात
दुधाचं नीट लिहिते, कारण बहुतेक घरांत गडबड इथेच होते. जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीशी हवं. पहिलं पिवळसर चीक चमचाभरच येतं, आणि त्या दिवसाला बाळाला तेवढंच लागतं. "दूध नाही" असं म्हणून इथेच मध, साखरेचं पाणी किंवा गुटी सुरू होते. मध वर्षाखालच्या बाळाला धोक्याचा असतो. सहाणेवर उगाळलेल्या गुटीतून जंतू पोटात जातात. शिवाय वरचं काही पोटात गेलं की बाळ ओढत कमी, आणि ओढलं कमी की दूधही कमीच तयार होतं.

पाजताना बाळाचं पोट तुझ्या पोटाला टेकलेलं असू दे. स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठाला लाव आणि तोंड मोठं उघडेपर्यंत थांब. उघडलं की बाळाला छातीकडे आण, छाती बाळाकडे नेऊ नकोस. हनुवटी छातीला टेकायला हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरून जास्त, खालून कमी दिसायला हवा. नुसतं स्तनाग्र तोंडात असेल तर दुखतं, चिरा पडतात. अशा वेळी ओढून काढू नकोस. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत घालून पकड सोडव आणि परत लाव. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते आणि बाळाला पकड जमत नाही. थोडं दूध हाताने काढून काळा भाग मऊ करायचा, मग पाजायचं, नंतर गार फडकं ठेवायचं. ताप आला, छातीवर लाल दुखरा पट्टा उठला तर डॉक्टरकडे जायचंच, पण त्या बाजूने पाजणं थांबवायचं नाही.

पुरतंय का, ते लंगोट सांगतो. पाचव्या दिवसापासून 24 तासांत निदान सहा वेळा भरपूर शू, आणि तोवर काळी शी पिवळी झालेली. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत परत जन्माइतकं व्हायला हवं. बाळ पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं, नंतर पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला, किंवा बाळ सुस्त होऊन पीतच नसेल, तर त्याच दिवशी दाखवा. कोवळ्या उन्हाची वाट बघू नका, जुलैत ते मिळणारही नाही.

सड्यावरची
खूप आभार. मोरी आणि अळिवाचं काय? आजीचा दोन्हींवर फार विश्वास आहे. आणि बाळुती वाळवायची कशी?

कुळीथपिठी
अळीव जरूर खा, त्यात लोह चांगलं असतं. अर्धी वाटी अळीव वाटीभर नारळपाण्यात तीन-चार तास भिजवायचे. फुगले की दोन वाट्या ओलं खोबरं, दीड वाटी गूळ घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत ढवळायचं. ओल्या नारळाचे लाडू पावसाळी हवेत लवकर आंबतात, म्हणून तीन दिवसांपुरतेच कर. पण आत्ता पोटुशी असताना नको, बाळंतपणानंतरच.

मोरी मात्र टाळ. मोरी म्हणजे शार्क. मोठे शिकारी मासे लहान मासे खातात, त्यामुळे त्यांच्या अंगात पारा साठत जातो आणि तो दुधातून बाळाकडे जातो. तारली, पेडवे, बांगडा खुशाल खा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणून सुक्या माशांवर भर येतो. रक्तदाब वाढलेला असेल तर त्यातलं मीठ त्रासाचं. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, अंडी, डाळी यांनी भागतं. बाळंतिणीला पाणी कमी देतात तेही चूक, तहान लागेल तेवढं प्यायचं.

लोहाची गोळी बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायची. लिंबू किंवा आवळ्यासोबत घेतली तर चांगली शोषली जाते. चहा तासभर लांब ठेव. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, निदान दोन तासांच्या अंतराने.

माजघर
बाळुती निदान तीस-चाळीस हवीत, जुन्या मऊ सुती साड्यांची. चुलीवरच्या वळणीवर वाळवली तर धुराचा वास राहतो, बाळाच्या कातडीला तो नको. पडवीत दोरी बांध, दोन कपड्यांत हातभर अंतर ठेव, लाइट असेल तेव्हा पंखा लाव. शेवटी प्रत्येक बाळुतं उलटसुलट इस्त्री कर. दमट राहिलं की जांघेत लाल पुरळ येतं. कपडा कोरडा झाला का ते बोटांना कळत नाही, गालाला लावून बघ. गार लागला तर अजून ओला आहे.