उपासनेनंतर उमेदवाराला दोन मिनिटं द्यावीत का?

गुरुवारपेठी:
सर्वांना सलाम. विधानसभेच्या एका उमेदवाराबद्दल आमच्या चर्चच्या पास्टोरेट कमिटीपुढे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे) तीन मागण्या आहेत: रविवारी उपासनेनंतर दोन मिनिटं बोलणं, सभेसाठी मंडळीचा हॉल, आणि पाळकसाहेबांनी नाव घेऊन प्रार्थना. कायद्यात काय बसतं, वचनात (बायबलमध्ये) काय बसतं?

कोर्टकचेरी:
तिन्हींना नाही म्हणा. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा 1988, कलम 3: संस्थेच्या मालकीची किंवा ताब्यातली जागा राजकीय कामाला वापरू द्यायची नाही. शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. "भाडं घेतलं, पावती फाडली" हा बचाव नाही, कायदा भाड्याचं विचारतच नाही.

त्यात उमेदवाराचंही नुकसान आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) खाली, उमेदवाराच्या संमतीने धर्माच्या नावावर मत मागणं हे भ्रष्ट आचरण ठरतं. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी 4 विरुद्ध 3 अशा बहुमताने मतदाराचा धर्मही त्यात धरला. "याला मत दिलं नाही तर देव रागावेल" हे 123(2) मध्ये येतं. निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका होऊ शकते, आणि ती मान्य झाली तर निवडून आलेला माणूस घरी बसतो. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची "आपल्या भावाला मत द्या" ही पोस्टही अशा याचिकेत पुरावा म्हणून येऊ शकते.

वचनवाचक:
'अधिकाऱ्यांच्या अधीन राहा' सांगणारं रोमकरांस 13 सगळ्यांना पाठ असतं, 'माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे' सांगणारं प्रेषितांची कृत्ये 5:29 मात्र सोयीने विसरलं जातं. पौलाने रोमकरांस पत्र लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर जुलमी सम्राट नीरो होता, म्हणजे अधिकाऱ्यांचा मान राखणं ही काही पक्षाची भलामण नव्हे. 1 तीमथ्य 2:1-2 सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना सांगतं. म्हणून मध्यस्थीच्या (इतरांसाठी करायच्या) प्रार्थनेत मतदार, मतदान केंद्रावरचे कर्मचारी आणि सगळे उमेदवार घ्या, नाव एकाचंही नको. कॅथलिकांकडे तर कॅनन 287, म्हणजे त्यांच्या चर्चच्या कायद्यातलं कलम, पुरोहिताला सहसा पक्षकार्यात सक्रिय भाग घेऊ देत नाही.

वानवडीकर:
मान्य, पण एवढं घाबरून तोंड शिवायचं कारण नाही. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याच्या प्लेग-छावणीतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं, तेही इंग्रज सरकार ख्रिस्ती असताना!

आधी मतदार यादी तपासा. पुणे कॅम्पातून उंड्री-वडगावशेरीला राहायला गेलेल्यांची नावं जुन्या यादीतच राहतात. त्यांना पत्ता बदलायला फॉर्म 8, नव्या मतदारांना फॉर्म 6. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं दार बंद, म्हणून तरुण संघाने हे काम निवडणूक जाहीर होण्याआधीच उरकावं.

आणखी एक. पुणे कॅन्टोन्मेंट मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या 1950 च्या राष्ट्रपती आदेशात 1956 ला शीख, 1990 ला बौद्ध आले, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच. तिथे ते मत देऊ शकतात, उभे राहू शकत नाहीत. यावर बोलायचं नाही?

कोर्टकचेरी:
बोला, जरूर बोला. फक्त 1988 च्या कायद्यातली 'राजकीय कार्या'ची व्याख्या पक्षापुरती नाही, राजकीय स्वरूपाचा प्रश्नही तीत येतो. म्हणून ती सभा बाहेरच्या हॉलमध्ये, सभासदांनी नागरिक म्हणून घ्यावी. खर्च दानपेटीतून नको, वेगळी वर्गणी काढा. निवेदनावरही मंडळीचं लेटरहेड आणि शिक्का नको. मतदार यादीच्या टेबलाला हरकत नाही, मात्र त्यावर कुणाचं पत्रक ठेवू नका.