एक्लिप्स, इंटेलिजे, व्हीएस कोड: तिन्हीकडे डीबगरच्या कीज एकसारख्या कशा ठेवायच्या?

जावावाली_पुणे

नमस्कार मंडळी, आमच्याकडे कोड लिहायची तीन टूल्स आहेत, जुनं जावाचं काम एक्लिप्समध्ये, नवीन सर्व्हिसेस इंटेलिजेत आणि फ्रंटएंड (ब्राउझरमध्ये दिसणारा भाग) व्हीएस कोडमध्ये, त्यामुळे दिवसभर इकडून तिकडे उड्या चालू असतात. तिन्हीकडे डीबगरच्या (प्रोग्रॅम थांबवून ओळीओळीने तपासायच्या सोयीच्या) कीज वेगळ्या आहेत, आणि नुसत्या वेगळ्या असत्या तरी चाललं असतं हो, पण त्याच कीज भलतीच कामं करतात. एक्लिप्समध्ये एफ५ म्हणजे स्टेप इन्टू (फंक्शनच्या आत शिरणं), व्हीएस कोडमध्ये एफ५ म्हणजे कंटिन्यू (प्रोग्रॅम पुढे पळू देणं). आता समजा ब्रेकपॉइंटवर, म्हणजे थांबायची खूण केलेल्या ओळीवर, येऊन थांबलंय, डावीकडे हवी ती व्हॅल्यू दिसतेय, फक्त पुढच्या फंक्शनच्या आत शिरायचंय, बोट सवयीने एफ५ वर जातं आणि थांबल्याची पिवळी ओळ गायब, रिक्वेस्ट पूर्ण होऊन रिस्पॉन्स गेलासुद्धा. मग पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, पुन्हा तोच सगळा फॉर्म भरा. इंटेलिजेत एफ७ ची तीच गत, एक्लिप्समध्ये ती की फंक्शनमधून बाहेर काढते आणि इथे आत नेते.

त्यात लॅपटॉपवर एफ कीजच्या जागी ब्राइटनेस आणि आवाज, म्हणजे दर वेळी एफएन दाबून धरा. तर विचारायचं असं की तिन्हीकडे एकच सेट ठेवणं शहाणपणाचं आहे का, ठेवायचा तर कुठला, आणि एफ कीज सोडून दुसरं काही कुणी बसवलंय का? मनगट दुखायला लागलंय खरंच.

ब्रेकपॉइंट_बंड्या

ताई, एकच सेट ठेवा, यात दुमत असायचं कारण नाही. डीबग करताना डोकं बगमध्ये असायला हवं, कुठली की दाबायची यात गेलं तर धागा तुटतो आणि मग परत पहिल्यापासून. कुठला ठेवायचा याला माझ्याकडे एकच कसोटी, ज्या टूलमध्ये तुमचे सगळ्यात जास्त तास जातात त्याचा. एक्लिप्स असेल तर एक्लिप्सचाच, म्हणजे एफ५ आत, एफ६ पुढची ओळ, एफ७ बाहेर, एफ८ कंटिन्यू.

इंटेलिजेत सोपं आहे, सेटिंग्जमध्ये कीमॅप (कीजचा पूर्ण संच) उघडा, यादीत एक्लिप्सचा कीमॅप असतो, नाही दिसला तर प्लगइन म्हणून मिळतो. फक्त हे लक्षात ठेवा की त्याने नुसत्या डीबगरच्या नाही तर एडिटरच्याही कीज बदलतात, म्हणून मी तरी मूळ कीमॅपची कॉपी करून त्यात डीबगरच्या चार-पाच कीज तेवढ्या बदलेन.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल के, कंट्रोल एस दाबलं की शॉर्टकट्सची यादी येते, तिथे स्टेप असं शोधा. आता खरी गंमत अशी आहे की तिथे एकच की प्रसंगानुसार वेगवेगळी कामं करू शकते. प्रत्येक शॉर्टकटच्या पुढे व्हेन नावाचा रकाना असतो, म्हणजे तो कधी लागू व्हायचा. एफ५ ला एक नोंद आहे डीबगिंग चालू नसताना सुरू करायची आणि दुसरी आहे थांबलेलं असताना कंटिन्यूची. तुम्ही स्टेप इन्टूला एफ५ द्या, त्या ओळीवर राइट क्लिक करून व्हेन बदला आणि डीबगस्टेट ‘स्टॉप्ड’ असतानाच लागू होईल असं लिहा. म्हणजे एफ५ ने डीबगिंग पहिल्यासारखंच सुरू होईल, आणि ब्रेकपॉइंटवर थांबलं की तीच की आत नेईल. एफ६ मुळात पॉजला आहे पण तो प्रोग्रॅम पळत असतानाच लागतो, एफ८ एरवी पुढच्या एररवर नेतं, त्यामुळे त्याच व्हेनने दोन्ही कीज घेतल्या तरी जुनं काही मोडत नाही. तुम्ही दिलेल्या नोंदी मूळ नोंदींच्या आधी बघितल्या जातात.

एफएनचं म्हणाल तर बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की एफएन लॉक होतं, म्हणजे धरून ठेवावं लागत नाही, नाही झालं तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन बदला. हे आजच करा, बाकीचं नंतर.

टर्बोसीवाले_काका

बंड्याच्या कसोटीशी सहमत, पण निष्कर्ष मला पटत नाही. आमच्या पिढीने कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी (सी भाषेचं जुनं टूल) वर शिकलं, तिथे एफ७ म्हणजे आत, एफ८ म्हणजे पुढची ओळ, एफ४ म्हणजे कर्सरपर्यंत जा, आणि कंट्रोल एफ८ ने ब्रेकपॉइंट. इंटेलिजेच्या कीज बघा, एफ७, एफ८ आणि कंट्रोल एफ८ तंतोतंत तेच, फक्त कर्सरपर्यंत जायला ऑल्ट एफ९ लागतं. पायचार्म आणि अँड्रॉइड स्टुडिओ पण त्याच घरातले. आणि व्हिज्युअल स्टुडिओचं घराणं वेगळं, एफ१० पुढे, एफ११ आत, शिफ्ट एफ११ बाहेर, एफ९ ब्रेकपॉइंट, एफ५ कंटिन्यू. व्हीएस कोडने ते उचललं, क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधल्या तपासणीच्या टूल्समध्ये) पण एफ१० आणि एफ११ तेच, फक्त कंटिन्यूला एफ८.

आता ताई, तुमचं फ्रंटएंडचं काम आहे म्हणजे क्रोम रोज उघडणार, आणि दोन टूल्समध्ये एक सेट आधीच बसलेला आहे. मग उरलेल्या दोन ठिकाणी तो नेणं सोपं. एक्लिप्समध्ये विंडो, प्रेफरन्सेस, जनरल, कीज इथे सगळं बदलता येतं, तिथेही व्हेन आहे, डीबगिंग असं निवडलं की नेहमीच्या एडिटिंगला धक्का लागत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. डेस्कटॉपच्या कीबोर्डवर एफ कीज चार-चारच्या गटात असतात, मध्ये फट असते. एक्लिप्सचे एफ५ ते एफ८ म्हणजे बरोब्बर मधला गट, चार बोटं न बघता बसतात. व्हिज्युअल स्टुडिओचे ब्रेकपॉइंट आणि स्टेप शेवटच्या गटात आणि कंटिन्यू लांब एफ५ वर, हे मला फार आवडतं, कारण चुकून दाबलं तर सगळ्यात जास्त नुकसान कंटिन्यूनेच होतं. एक्लिप्समध्ये एफ७ आणि एफ८ शेजारी शेजारी, बाहेर यायचं होतं आणि प्रोग्रॅमच निसटला. लॅपटॉपवर त्या फटी नसतात आणि म्हणून बोट हुकतं, तेव्हा सेट कुठलाही घ्या पण कंटिन्यू स्टेपच्या शेजारी ठेवू नका एवढं माझं मागणं.

जीडीबी_एम्बेडेड

मी छोट्या सर्किट बोर्डावर एसएसएच (दुरून लॉगिन) करून जीडीबी या कमांड टाइप करायच्या डीबगरमध्येच काम करतो, तिथे एफ कीजचा संबंधच नाही. पुढच्या ओळीला एन, आत शिरायला एस, कंटिन्यूला सी, आणि बाहेर यायला फिनिश. रिकामा एंटर मारला की मागची कमांड परत चालते, म्हणजे एकदा एन आणि मग नुसता एंटर. टीयूआय मोडमध्ये (टर्मिनलमध्येच कोड दाखवणाऱ्या मोडमध्ये) कंट्रोल एक्स आणि मग एस दाबलं की सिंगल की मोड येतो, त्यात एंटरसुद्धा नको, एन दाबलं की पुढची ओळ, एफ दाबलं की फिनिश, व्ही दाबलं की लोकल व्हेरिएबल्स, क्यू ने त्या मोडमधून बाहेर. मनगटाला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही, हात आहेत तिथेच राहतात. फक्त तुम्ही मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करत असाल आणि लेआउट परत इंग्लिश करायचं राहिलं तर एनच्या जागी ल उमटतो, एफ कीजना हा त्रास नाही.

पण ताई, मनगट दुखतंय याचं कारण कुठली की आहे हे नसून ती किती वेळा दाबताय हे असणार. लूपमध्ये शंभर वेळा स्टेप ओव्हर (पुढची ओळ) करायचं असेल तर कंडिशन असलेला ब्रेकपॉइंट लावा, आयडी अमुक असेल तरच थांब. व्हॅल्यू नुसती बघायची असेल तर व्हीएस कोडमध्ये लॉगपॉइंट आहे, न थांबता छापतो. आणि रन टू कर्सरला चांगली की द्या, लोक त्याला राइट क्लिकच्या मेनूतच पडून ठेवतात. खरं म्हणजे स्टेप ओव्हरनंतर सगळ्यात कामाची कमांड तीच, ज्या ओळीपर्यंत जायचं तिथे कर्सर ठेवा आणि एका दाबात तिथे. व्हिज्युअल स्टुडिओत ती कंट्रोल एफ१० वर आहे, तीच सगळीकडे लावा.

जावावाली_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा कंटिन्यू लांब ठेवायचा मुद्दा एकदम पटला, त्यामुळे व्हिज्युअल स्टुडिओचा सेट घेतेय, रन टू कर्सर कंट्रोल एफ१० वर. पण दोन शंका राहिल्या. घरी मॅक आहे, तिथे एफ११ दाबलं की सगळ्या खिडक्या बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो. आणि दोन्ही मशिनवर हे सगळं परत परत सेट करावं लागणार का?

ब्रेकपॉइंट_बंड्या

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग कीबोर्ड शॉर्टकट्स, तिथे मिशन कंट्रोलमध्ये शो डेस्कटॉपची खूण काढा, एफ११ मोकळं होईल. त्याच खिडकीत फंक्शन कीजच्या सदरात एफ१, एफ२ वगैरे साध्या फंक्शन कीज म्हणून वापरायचा पर्याय आहे, तोही चालू करा म्हणजे एफएन सुटेल.

दोन्ही मशिनच्या सिंकचं म्हणाल तर व्हीएस कोडचं सेटिंग्ज सिंक कीबोर्ड शॉर्टकट्सपण नेतं, पण मूळ सेटिंगनुसार प्रत्येक प्लॅटफॉर्मचे वेगळे ठेवतं, म्हणजे विंडोजवरचे आपोआप मॅकवर येणार नाहीत. हवे असतील तर सेटिंग्जमध्ये कीबाइंडिंग्ज पर प्लॅटफॉर्म शोधा आणि बंद करा. मी म्हणेन राहू द्या वेगळेच, मॅकवर कमांड आणि ऑप्शन असल्याने कंट्रोलवाले शॉर्टकट तसेही थोडे फिरवावे लागतात.

एफ कीजला अगदीच कंटाळलात तर विंडोजवर ऑल्ट धरून जे, के, एल बघा, जे पुढे, के आत, एल बाहेर, डीबगस्टेट स्टॉप्डच्या व्हेनसकट. एस, आर, जी असली अक्षरं घेऊ नका, ऑल्टबरोबर ती व्हीएस कोडचे वरचे मेनू उघडतात. आणि मॅकवर ऑप्शन धरून अक्षर दाबलं की वेगळीच चिन्हं उमटतात, तिथे कंट्रोल किंवा कमांडबरोबरचं काहीतरी मोकळं शोधावं लागेल.