मदत हवी आहे: लिपोसोममधलं हिमोग्लोबिन रात्रीत तपकिरी पडतंय

मैना_पाषाण
एमेस्सी बायोटेकचा प्रोजेक्ट आहे, विषय कृत्रिम रक्त. लिपोसोममध्ये, म्हणजे लिपिडच्या (चरबीसारख्या पदार्थाच्या) सूक्ष्म पिशव्यांमध्ये, हिमोग्लोबिन भरतेय. ९० टक्के आत जातंय, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं तपकिरी. तीनदा केलं, तीनदा तेच. शुक्रवारी गाईडना दाखवायचंय. कोणी केलं असेल तर प्लीज लवकर सांगा.

जुना_लॅबवाला
लिपिड कुठलं? रक्त कोणाचं? आकार कशाने लहान केलात? तपकिरी म्हणजे मेथहिमोग्लोबिन. लोह फेरसचं फेरिक झालं की ते ऑक्सिजन धरत नाही. हे मेथ ६३० नॅनोमीटरच्या प्रकाशात दिसतं, तिथे रीडिंग घेतलंत का? काहीच लिहिलं नाहीत, आम्ही अंदाज तरी कशावरून करायचा?

कोथरूडकर_काकू
माझ्या भाचीचं हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर अजिबात नाही. शिवाय हळिवाचे लाडू. हळूहळू भरून निघतं बाळा, घाबरू नकोस.

मैना_पाषाण
काकू, थँक्यू, पण हे प्रयोगातलं हिमोग्लोबिन आहे, माझं नाही.
दादा, सोया लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल. बकऱ्याचं रक्त, मटणाच्या दुकानातून, गोठू नये म्हणून सायट्रेट घालून आणलं. आकारासाठी प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी फोडणारी कांडी), सलग १० मिनिटं. ६३० ला पाहिलं नाही.

अनुस्वार
लेसिथिन बदला, विषय संपला. सोयाच्या लिपिडमध्ये असंतृप्त साखळ्या असतात. त्यांची पेरॉक्साइडं होतात, ती हिमोग्लोबिनला मेथ करतात आणि ते मेथ पुन्हा लिपिड नासवतं. जपानमध्ये वासेदा विद्यापीठातले लोक डीपीपीसी हे संतृप्त लिपिड वापरतात. त्यांच्या साधारण २५० नॅनोमीटरच्या पिशवीत डेसिलिटरला ३५ ग्रॅम हिमोग्लोबिन असतं, म्हणजे आपल्या तांबड्या पेशीत असतं जवळपास तेवढंच.

जुना_लॅबवाला
अर्धीच गोष्ट सांगताय. डीपीपीसी ४१ अंशांच्या वर नेल्याशिवाय मऊ पडत नाही आणि तेवढ्या उष्णतेत ऑक्सिहिमोग्लोबिन आणखी लवकर मेथ होतं. वासेदावाले आधी हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड बांधतात. मग ते इतकं टिकाऊ होतं की विषाणू मारायला ६० अंशांवर १२ तास ठेवता येतं. शेवटी ऑक्सिजन आणि प्रकाश देऊन तो वायू काढतात. कॉलेजच्या लॅबमध्ये त्या बिनवासाच्या विषारी वायूचा सिलिंडर आणायला सांगणार का या मुलीला?

अनुस्वार
वायू आणा असं मी कुठे म्हटलं? डीएमपीसी घेऊ दे. तेही संतृप्तच आहे आणि २३-२४ अंशांलाच मऊ पडतं.

जुना_लॅबवाला
हे पटलं. पण खरा गुन्हेगार प्रोब आहे. सलग १० मिनिटं म्हणजे टोकाशी रक्त शिजतंय. शिवाय प्रोबने ३०-५० नॅनोमीटरच्या पिशव्या होतात. हिमोग्लोबिनचा एक रेणूच ५-६ नॅनोमीटरचा, मग आत मावणार किती? एक्स्ट्रूडरमधून, ०.२ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळा.

सिंहगड_रविवार
जरा वेगळं विचारतो. माझ्या भावाचा रक्तगट बॉम्बे आहे, १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला तो. त्याला ओ सुद्धा चालत नाही. अपघातानंतर एका बाटलीसाठी आम्ही रात्रभर फोन करत होतो. या पिशव्यांना रक्तगट नसतो असं वाचलं. दवाखान्यात कधी मिळतील?

जुना_लॅबवाला
रक्तगट नसतो हे खरं, कारण पेशीचं आवरणच काढून टाकलेलं असतं. पण आज मिळेल अशी आशा मी देणार नाही. आवरणाशिवाय नुसतं हिमोग्लोबिन, रेणूचे भाग एकमेकांना जोडून, देऊन बघितलं होतं. अमेरिकेत तशाच हेमअसिस्टची चाचणी १९९८ मध्ये थांबवावी लागली. मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड गिळतं, मग त्या आवळतात. म्हणून तर हा पिशवीचा खटाटोप. भावाचं नाव दुर्मीळ गटाच्या यादीत आजच घाला.

परीक्षानळी
मैना, ते ९० टक्के कसे काढलेस?

मैना_पाषाण
डायलिसिस. पिशवी १२ हजारवाली, म्हणजे १२ हजार डाल्टनपेक्षा (रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू अडवणारी. रात्रभर ठेवली, बाहेरच्या बफरला जेमतेम रंग आला, म्हणजे बाकी सगळं आतच ना?

परीक्षानळी
आत म्हणजे डायलिसिसच्या पिशवीत, लिपोसोममध्ये नाही गं. हिमोग्लोबिन ६४,५०० डाल्टनचं. त्याचे दोन तुकडे झाले तरी एकेक ३२ हजारांचा. १२ हजारांच्या भोकातून ते बाहेर येणारच नाही. सेफारोज ४बी चा कॉलम (आकारानुसार वेगळं करणारी नळी) लाव. लिपोसोम आधी येतील, मोकळं मागून. मग ट्रायटनने (साबणासारखं द्रव्य) लिपोसोम फोडून ड्रॅबकिन, म्हणजे हिमोग्लोबिन मोजायची चाचणी कर, नाहीतर गढूळपणामुळे तिचं ५४० नॅनोमीटरचं रीडिंग फुगतं. आणि डायलिसिस रात्रभर कुठे ठेवलं होतंस? फ्रीजमध्ये?

मैना_पाषाण
बाहेर. बेंचवर. 😔

अनुस्वार
या उकाड्यात?

कोथरूडकर_काकू
अगं, दूधसुद्धा बाहेर टिकत नाही सध्या.

मैना_पाषाण
(बुधवार रात्र) ताजं रक्त आणलं, सगळं बर्फावर केलं. प्रोब ५ सेकंद चालू, १० सेकंद बंद. डीएमपीसी एवढ्यात मिळत नाहीये. कॉलममधून आधी दुधट गुलाबी पट्टा आला आणि बऱ्याच वेळाने गडद लाल. आतलं ६ टक्के निघालं. ९० नव्हे, ६. आधी रडले, मग गाईडना फोन केला. ते म्हणाले, दोन्ही आकडे आण आणि फरक का पडला ते बोर्डवर समजाव. सकाळी रंग बघून सांगते. पुण्यात कोणाकडे एक्स्ट्रूडर दोन तासांसाठी मिळेल का?

परीक्षानळी
आमच्या विभागात आहे. व्यनि करते. पडदे मात्र तुझे तू आण.