मिठी मारली म्हणून डायरीत लाल शेरा

स्वराची आई, ए-३०४: नमस्कार सगळ्यांना. आपल्या बिल्डिंगमधली निम्मी मुलं स्वराच्याच शाळेत आहेत म्हणून सोसायटीच्या ग्रुपवरच लिहितेय. काल स्वराच्या डायरीत लाल पेनाने शेरा आलाय. "मैदानावर मैत्रिणीस मिठी मारली. वर्तनात सुधारणा अपेक्षित. पालकांची सही." खो-खोत हरल्यावर तिची मैत्रीण नळापाशी रडत बसली होती, घोटा सुजलेला. हिने तिला जवळ घेतलं, एवढंच. त्यासाठी दोन तास वर्गाबाहेर उभी केली. घरी आल्यावर तिने डायरीची ती दोन पानं स्टेपल करून टाकली, मला दिसू नयेत म्हणून. आठवीतली मुलगी आहे हो.

बापट काका, बी-१०२: सर्क्युलर जूनमध्येच आलं होतं. हात धरणे, खांद्यावर हात टाकणे, मिठी मारणे बंद. शाळेच्या ॲपवर आहे. नियम सगळ्यांना सारखा.

स्वराची आई, ए-३०४: वाचलं होतं काका. तेव्हाच वर्गाच्या ग्रुपवर विचारलं होतं की मुलींनी मुलींना धरलं तरी चालणार नाही का. उत्तर आलं नाही, शेरा आला.

कदम, डी-७०१: टँकर आला का? डी विंगला सकाळपासून पाणी नाही.

अर्णवचे बाबा, सी-५०३: काका, मग विकेट पडल्यावर पोरांनी काय करायचं? लांबून नमस्कार? 😄

मानसी, ए-६०२: आमच्या ओवीला पहिलीत रांगेत जोडीदाराचा हात धरून चालायला शिकवलं याच शाळेने. आता तोच हात धरला की शेरा.

बापट काका, बी-१०२: थट्टा सोपी असते. बदलापूर विसरलात का? इथून किती लांब आहे? शाळा काळजी घेते तर तेही चालत नाही.

स्वराची आई, ए-३०४: नाही विसरले. ऑगस्ट २०२४ मध्ये तो सगळा दिवस मी टीव्हीसमोर बसून होते. तिथे चार वर्षांच्या मुली होत्या आणि लैंगिक अत्याचाराचा आरोप शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्यावर होता. लोक रुळांवर उतरले ते तक्रार नोंदवायला उशीर झाला म्हणून. मुलांनी एकमेकांना जवळ घेतल्यामुळे तिथे काय झालं, सांगा ना. मोठ्यांवर लक्ष ठेवायचं सोडून मुलांवरच पहारा कशासाठी?

पवार काकू, सी-४०१: शाळेचं जाऊ दे. आपल्या पोडियमवर रात्री साडेनऊला मुलं-मुली चिकटून बसतात ते कोण बघणार? मी नावं घेत नाही.

अर्णवचे बाबा, सी-५०३: घ्या की नावं. माझा मुलगा असतो तिथे, फिजिक्सच्या नोट्स घेऊन. तुमच्या गॅलरीतून सगळं नीट दिसतं म्हणायचं.

पवार काकू, सी-४०१: मला गॅलरीत उभं राहायची हौस नाही. लिफ्टचा आरसा कुणी फोडला तेही सगळ्यांना माहीत आहे.

सेक्रेटरी: काकू, अर्णवचे बाबा, कृपया पर्सनलवर. 🙏 कदम साहेब, टँकर घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये आहे.

कदम, डी-७०१: तो तासाभरापूर्वीही ट्रॅफिकमध्येच होता.

बापट काका, बी-१०२: पुन्हा सांगतो, नियम सगळ्यांना सारखा. उद्या काही झालं तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, शाळेवर लागेल. तुम्ही जाणार का कोर्टात?

ॲड. सावंत, सी-२०१: बापट साहेब, पोक्सोतल्या लैंगिक हल्ल्याच्या कलमात लैंगिक हेतू लागतो. कपड्यावरून स्पर्श झाला तर हे कलम लागत नाही, हा मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये फिरवला तो याच मुद्द्यावर. रडणाऱ्या मैत्रिणीला धरण्यात तो हेतू कुठून आला? उलट शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ बघा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. दोन तास सगळ्यांसमोर बाहेर उभं करणं कशात बसतं ते शाळेने सांगावं.

बापट काका, बी-१०२: केरळच्या हायकोर्टाने शाळेचीच बाजू घेतली होती. तेही सांगा.

ॲड. सावंत, सी-२०१: बरोबर. तिरुअनंतपुरमची एक शाळा, २०१७. कार्यक्रमानंतर मुलाने मुलीचं अभिनंदन करताना मिठी मारली, दोघांनाही निलंबित केलं. डिसेंबरमध्ये हायकोर्टाने शिस्तीचा अधिकार मुख्याध्यापकांचाच असं म्हटलं. पण पुढे शाळेला तडजोड करून त्यांना परत घ्यावंच लागलं. मुलगा बारावीत होता. मधले महिने त्याला कोण भरून देणार?

नाईक बाई, बी-६०४: पालिकेच्या शाळेत आयुष्य गेलं म्हणून बोलते. असे नियम कसे येतात ते बघितलंय. एक पालक मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाठवतो, दुसरा ट्रस्टींना फोन करतो, मुख्याध्यापिका घाबरते आणि सगळ्यांनाच बंदी होते. नववी-दहावीत काही जोड्या असतात, त्यांच्याशी वेगळं बसून बोलावं लागतं. त्याला वेळ आणि समुपदेशक लागतो. सर्क्युलरला एक प्रिंटर पुरतो. आणि स्पर्श सगळाच वाईट म्हणून शिकवला तर खरोखर वाईट स्पर्श झाल्यावर मूल सांगणार कसं? त्याला वाटेल आपणच नियम मोडला.

स्वराची आई, ए-३०४: बाई, हेच. ती मला काल विचारत होती, "आई, मी घाणेरडं काही केलं का?" मी रात्रभर झोपले नाही.

मानसी, ए-६०२: अगं बाई. पोरीला सांग, काही चुकलं नाही तुझं.

बापट काका, बी-१०२: मुलीला वाईट वाटलं याचं मलाही वाईट वाटतं. पण नियम सगळ्यांना सारखा.

पवार काकू, सी-४०१: मुलगी-मुलगी असेल तर मलाही नाही पटत शेरा. मुलगा-मुलगी वेगळं.

स्वराची आई, ए-३०४: काकू, मैत्रिणीच्या जागी वर्गातला मुलगा रडत असता आणि स्वराने त्याच्या पाठीवर हात ठेवला असता तरी मी हेच लिहिलं असतं.

(पवार काकूंनी मेसेज डिलीट केला.)

नाईक बाई, बी-६०४: भांडू नका. शाळेला लेखी विचारा. मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, असेल तर त्यात पालक कोण? २०२२ च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत हवी. आणि पालक-शिक्षक संघात हे सर्क्युलर ठेवलं होतं का?

स्वराची आई, ए-३०४: शनिवारी अकराला वेळ मिळाली आहे. तीन गोष्टी मागणार. शेरा रद्द करा, वर्गाबाहेर उभं करणं बंद करा आणि सर्क्युलरमधलं "अशोभनीय वर्तन" म्हणजे काय ते स्पष्ट लिहा. कोण येतंय?

ॲड. सावंत, सी-२०१: मी येतो. वकील म्हणून नाही, पालक म्हणून.

अर्णवचे बाबा, सी-५०३: मीही. माझ्या गाडीत चार जण बसतील, पण दहाला निघू. मेट्रोच्या कामामुळे कासारवडवलीलाच अर्धा तास जातो.

कदम, डी-७०१: टँकर आला. धन्यवाद. शनिवारी मिसेस येतील.

बापट काका, बी-१०२: मी येणार नाही, माझं मत सांगून झालंय. पण तोंडी बोलून परत येऊ नका. पत्राच्या दोन प्रती न्या, डायरीच्या पानाची झेरॉक्स जोडा आणि एका प्रतीवर पोच घ्या. माझ्याकडे प्रिंटर आहे.

स्वराची आई, ए-३०४: संध्याकाळी पत्र घेऊन येते काका.