सरसकट रात्रबंदी नको

वर एकांनी लिहिलंय, "दहा वाजले की अठराच्या आतल्या पोरांना रस्त्यावर बंदीच घाला," आणि ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जचा दाखला दिलाय. मार्च २०२४ मध्ये तिथं संध्याकाळी सहा ते सकाळी सहा अशी बंदी होती, खरंय. पण जुलैत पुन्हा तीन रात्रींची घालावी लागली, तीही लहानथोर सगळ्यांना.

आमच्या कोल्हापुरात रंकाळा तलावावर मी रोज पहाटे फिरते. कठड्याशी फुटलेल्या बाटल्या, फरशीला चिकटलेलं केकचं क्रीम. संताप मलाही येतो. पण तलवारीनं केक कापणारे बहुतेक चांगले पंचविशीतले असतात, त्यांना ही बंदी लागूच होणार नाही. त्यांच्यासाठी शस्त्र कायदा आहे, तडीपारी आहे. ते वापरा की! अडकणार कोण, तर आमच्या शेजारचा सतरा वर्षांचा पोरगा. अभ्यासिकेतनं रात्री अकराला सायकलवरनं घरी येतो, घरात सहाजणांना मिळून एकच खोली. त्यानं पुस्तक घेऊन बसायचं कुठं?

आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवा तीन महिने बंद आहे. टोळकं बसतं ते बरोब्बर त्याच खांबाखाली. दोनदा अर्ज दिलाय, उद्या तिसरा देणार आहे.